गोड आवाजाचा ॲम्प: आधी सतरंजी, मग व्हॉल्व्ह

स्टिरिओच्या दुकानात शिरलेलं गिऱ्हाईक आधी वॉट विचारतं, मग किंमत विचारतं आणि शेवटी जरा संकोचून मनातलं बोलतं, "आवाज गोड पाहिजे हो." कुणी भरदार म्हणतं, कुणाला गोलाई हवी असते, परदेशी मासिकं चाळलेला 'वॉर्म' म्हणतो. तक्रारीची भाषा मात्र सगळ्यांची एकच. सध्याचा सेट कोरडा वाजतो, 'स' आणि 'श' कानाला टोचतात, तासाभरात डोकं चढतं. मग ॲम्प बदलायचं ठरतं आणि सल्ल्यांचा पाऊस सुरू होतो. एक म्हणतो, व्हॉल्व्हशिवाय गोडवा नाही. दुसरा क्लास ए-ची शपथ घेतो. तिसरा सांगतो, सगळे ॲम्प सारखेच वाजतात, उगाच पैसे घालवू नका. चौथा तळहाताएवढी क्लास डी-ची डबी काढून दाखवतो.

गंमत अशी की चौघांच्याही म्हणण्यात थोडंथोडं तथ्य आहे. ते कुठवर आहे आणि खिशात मोजके पैसे घेऊन निघालेल्या माणसाने त्यातलं काय घ्यावं, एवढं या लेखात पाहू.

रेडिओची आठवण

माझ्या पिढीच्या कानात गोडवा ठसवला तो व्हॉल्व्हच्या, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्यांच्या, रेडिओने. बटण फिरवलं की लगेच आवाज येत नसे. आतले दिवे तांबूस होत, हिरवा मॅजिक आय हळूहळू उमले आणि मग विविध भारतीचा निवेदक शेजारी बसल्यासारखा बोलू लागे. मर्फीचे रेडिओ ठाण्याच्या कारखान्यातून निघत. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये १९६१ पासून रेडिओचे व्हॉल्व्ह बनू लागले होते. तोच आवाज आठवून आज कितीतरी जण व्हॉल्व्हचा ॲम्प शोधत फिरतात.

त्या रेडिओचा मागचा पुठ्ठा काढून पाहिला तर मात्र श्रेय वाटून द्यावं लागतं. मीडियम वेव्हवर पाच हजार हर्ट्झच्या वरचं फारसं काही घरापर्यंत पोचतच नसे. टोचणारे 'स' आणि 'श' राहतात त्याच्याही वर, म्हणजे टोचायला मुळात काही उरतच नसे. स्पीकर कागदी कोनाचा आणि चांगला मोठा. पेटी लाकडी, मागून उघडी, खालच्या सुरांना आपला घुमारा देणारी. एवढं सगळं झाल्यावर व्हॉल्व्हचा वाटा येतो. त्याच पेटीत बेताचा ट्रान्झिस्टर ॲम्प बसवला असता तर निवेदकाचा आवाज फार बदलला नसता.

म्हणजे गोडव्याचा पहिला घटक आहे सुरांचा तोल. पेटी वाजवणाऱ्याला हे चटकन कळेल. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा मध्य षड्ज साधारण १३९ हर्ट्झवर असतो, काळी चारमध्ये गाणाऱ्या स्त्रीचा २०८ च्या आसपास. आवाज भरलेला की किडकिडीत, हे साधारण १०० ते ४०० हर्ट्झच्या या पट्ट्यात ठरतं. हा पट्टा एक-दोन डेसिबलने उचलला किंवा वरचा थोडा उतरवला, की तोच गायक अधिक जवळ बसल्यासारखा वाटतो. चार-पाच डेसिबलने उचलला, तर गोधडीतून गाऊ लागतो. गोड आणि दबलेला यांच्यातलं अंतर इतकं थोडं आहे.

व्हॉल्व्हची जवारी

दुसरा घटक कळायला तंबोरा हाताशी घ्यावा. घोडीवर तारेखाली सुताचा धागा हळूच पुढेमागे सरकवला की एका जागी तार अचानक बोलू लागते. नुसता 'टण्' होता, त्यातून सुरांची रांग उमटते. जवारी लागली, असं आपण म्हणतो. मिरजेच्या तंबोऱ्यांचं नाव त्यासाठीच आहे. २०२४ मध्ये त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. जवारीने तारेत मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनांचे स्वर ठळक होतात. षड्जाची दुप्पट म्हणजे तार षड्ज, तिप्पट म्हणजे त्यावरचा पंचम, पाचपट म्हणजे गवई ज्याला स्वयंभू गंधार म्हणतात तो. सातपट कंपनांचा सातवा स्वर मात्र कोमल निषादाच्याही थोडा खाली पडतो, पेटीवर कुठे सापडत नाही. त्याच्या वरचे बरेचसे असेच अडचणीचे.

कोणताही ॲम्प आत आलेल्या सुरात स्वतःचे असे काही स्वर मिसळतो. अभियंता त्याला हार्मोनिक डिस्टॉर्शन म्हणतो आणि ते कमी करण्यात आयुष्य घालवतो. प्रश्न असतो तो किती मिसळले आणि कोणते मिसळले याचा. एकाच ट्रायोड व्हॉल्व्हने सगळा भार उचलायचा, अशा सिंगल-एंडेड रचनेत दुसरा स्वर, म्हणजे वरचा षड्जच, सर्वांत ठळक असतो आणि पुढचे झपाट्याने विरत जातात. मूळ सुराशी त्याचं भांडण नाही, म्हणून टक्काभर भेसळ झाली तरी कानाला ती भेसळ वाटत नाही, भराव वाटतो. वेस्टर्न इलेक्ट्रिकचा १९३८ चा ३००बी हा ट्रायोड आजही याच कारणासाठी शोधला जातो. एका व्हॉल्व्हमधून जेमतेम आठ वॉट निघतात आणि लोक त्यासाठी लाखो मोजतात. जपानमध्ये हिरोयासू कोंडो यांच्या ओंगाकू ॲम्पने १९८९ मध्ये ही जुनी रचना महागड्या चैनीच्या वस्तूंत नेऊन बसवली.

व्हॉल्व्हच्या बाजूने एक भक्कम पुरावा नेहमी पुढे येतो. १९७३ मध्ये रसेल हॅम यांनी ऑडिओ इंजिनियरिंग सोसायटीच्या नियतकालिकात मायक्रोफोनच्या प्रीॲम्पवरचा लेख लिहिला. व्हॉल्व्ह आणि ट्रान्झिस्टर यांतला फरक ऐकू येतो तो मुख्यतः ओव्हरलोड झाल्यावर, असा त्याचा सारांश. व्हॉल्व्ह हळूहळू चेपला जातो, ट्रान्झिस्टर कात्रीने कापल्यासारखा तुटतो. लेख चोख आहे. पण तो ओव्हरलोडविषयी आहे, हे त्याचा दाखला देणारे विसरतात. रात्री हळू आवाजात नाट्यगीत ऐकताना तुमचा ॲम्प ओव्हरलोडच्या आसपासही नसतो.

मग हळू आवाजातही व्हॉल्व्ह वेगळा का वाजतो? याचं मोठं उत्तर आउटपुट इम्पिडन्समध्ये, म्हणजे ॲम्पच्या स्वतःच्या अंतर्गत विरोधात आहे आणि ते साध्या गणिताने कळतं. फीडबॅक (त्याविषयी पुढे येईलच) नसलेल्या सिंगल-एंडेड ॲम्पचा आउटपुट इम्पिडन्स दोन-तीन ओहम असतो. स्पीकरवर आठ ओहम छापलेलं असलं, तरी सुराप्रमाणे तो आकडा बदलतो. कुठे चार, कुठे चोवीस. ॲम्पचे दोन ओहम धरा. स्पीकर जिथे चार ओहमचा, तिथे सहातले चार हिस्से व्होल्टेज स्पीकरला मिळतं. जिथे चोवीसचा, तिथे सव्वीसातले चोवीस. डेसिबलमध्ये मांडलं तर या दोन जागांत जवळपास पावणेतीनचा फरक पडतो. तोच स्पीकर ०.०५ ओहमच्या ट्रान्झिस्टर ॲम्पला जोडला तर फरक एक दशांश डेसिबलच्या आत राहतो. थोडक्यात, असा व्हॉल्व्ह ॲम्प म्हणजे तुमच्या स्पीकरच्या इम्पिडन्सनुसार आपोआप लागलेला, तुम्हाला हलवता न येणारा टोन कंट्रोल. एखाद्या स्पीकरवर तो खालचे सूर फुगवून जादू करतो, दुसऱ्यावर सगळं विस्कटतो. "मित्राकडे काय वाजत होता, माझ्याकडे तोच मेला," या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं.

ट्रान्झिस्टरची बदनामी

ट्रान्झिस्टर कोरडा, हा शिक्का खोटा नव्हता. साठच्या दशकातल्या पहिल्या ट्रान्झिस्टर ॲम्पमध्ये सुराची वरची अर्धी लाट एक ट्रान्झिस्टर उचलायचा, खालची दुसरा. आणि हातातून हातात देताना मध्ये ठेच लागायची. याला क्रॉसओव्हर डिस्टॉर्शन म्हणतात. या दोषाची खोड अशी की आवाज जितका हळू तितकं त्याचं प्रमाण वाढतं, आणि त्यातून सातव्या-नवव्यासारखे दूरचे, टोचरे स्वर निघतात. तंबोरा हळू छेडला की टोचायचा, मोठा केला की बरा लागायचा. कागदावरचा टक्का व्हॉल्व्हपेक्षा कमी असूनही कानाला तो जास्त वाटायचा, तो यामुळे.

इलाज माहीत होता. हॅरॉल्ड ब्लॅक हा बेल कंपनीचा अभियंता २ ऑगस्ट १९२७ रोजी हडसन नदीवरच्या फेरीबोटीतून कामाला निघाला होता. वाटेत त्याने हातातल्या न्यूयॉर्क टाइम्सच्या पानावरच निगेटिव्ह फीडबॅकचं समीकरण लिहून काढलं. बाहेर निघालेल्या आवाजाचा थोडा हिस्सा उलटा फिरवून पुन्हा आत द्यायचा, की ॲम्प स्वतःची चूक स्वतः दुरुस्त करतो. ही युक्ती ट्रान्झिस्टरच्या ॲम्पमध्ये नीट बसवायला दोनेक दशकं गेली. १९७८ चा नॅड ३०२० हा त्या प्रवासातला लोकप्रिय टप्पा. नॉर्वेच्या ब्यॉर्न एरिक एडवर्डसन यांची ही रचना कागदावर २० वॉटची, पण क्षणभराच्या उसळीला त्याहून बरंच जास्त देणारी. त्यात सॉफ्ट क्लिपिंगचं बटण होतं. ताकद संपत आली की आवाज कापण्याऐवजी व्हॉल्व्हसारखा हळूच चेपायचं. स्वस्त ट्रान्झिस्टर ॲम्पही गोड वाजतो, हे त्याने हजारो घरांत पटवलं. १९९३ मध्ये डग्लस सेल्फ यांनी लेखमाला लिहून, साध्या क्लास बी, म्हणजे अर्धी-अर्धी लाट वाटून घेणाऱ्या, ॲम्पमधले दोष एकेक करून कसे निपटायचे, हे आकड्यांनिशी मांडलं. आज नावाजलेल्या कंपनीचा मध्यम किमतीचा ॲम्प घेतला तर तो स्वतःच्या मर्यादेत असताना त्याचे मिसळलेले स्वर कानाला सापडणं अवघड आहे.

"सगळे सारखेच" म्हणणाऱ्यांचा आवडता किस्सा १९८५ चा आहे. अमेरिकन अभियंता बॉब कार्व्हर यांनी 'स्टिरिओफाइल' मासिकाला पैज मारली, की तुम्ही म्हणाल त्या महागड्या ॲम्पसारखा माझा स्वस्त ट्रान्झिस्टर ॲम्प वाजवून दाखवतो. संपादकांनी एक व्हॉल्व्हचा ॲम्प निवडला. कार्व्हर दोन दिवस हॉटेलच्या खोलीत सोल्डरिंग करत बसले. दोन्ही ॲम्पचा आवाज एकमेकांतून वजा करायचा आणि जे उरेल ते कमी करत न्यायचं, अशी त्यांची रीत. उरलेलं त्यांनी ७० डेसिबल खाली नेलं. मग संपादक ऐकायला बसले आणि त्यांना दोघांत फरक करता आला नाही.

या किश्शातून सगळे ॲम्प सारखे असतात, असं सिद्ध होत नाही. उलट सुरुवातीला फरक होता, म्हणून तर दोन दिवस खपावं लागलं. सिद्ध झालं ते हे, की व्हॉल्व्हचा गोडवा काचेत राहत नाही. तो मोजता येतो आणि मोजता येतो म्हणून दुसरीकडे उतरवताही येतो.

क्लास ए आणि क्लास डी

क्लास ए-मध्ये ट्रान्झिस्टर कधीच विसावत नाहीत, त्यामुळे हातातून हातात देतानाची ठेच मुळातच नाही. हळू आवाजातली सफाई हा त्याचा खरा गुण. किंमत मात्र उष्णतेत मोजावी लागते. २५ वॉटचा स्टिरिओ क्लास ए ॲम्प गाणं चालू असो वा नसो, साधारण दोनशे वॉट खात राहतो. रोज तीन तास धरले तर महिन्याला १८ युनिट, आणि मे महिन्यात खोलीत एक जादा शेगडी. ईएल३४ व्हॉल्व्हच्या जोड्यांचा ॲम्पही वीज खाण्यात फार मागे नसतो.

क्लास डी याच्या दुसऱ्या टोकाला. नव्वद टक्क्यांच्या आसपास वीज स्पीकरपर्यंत जाते, पेटी थंड राहते. स्वस्त बोर्डांत एक दोष आढळतो. बाहेर पडण्याआधीची शेवटची गाळणी फीडबॅकच्या कक्षेबाहेर असते, म्हणून वरचे सूर स्पीकरनुसार कमीजास्त होतात. एखाद्या स्पीकरवर हाच ॲम्प चिरका वाजतो. ब्रुनो पुत्झेस यांच्यासारख्यांनी ही गाळणीही फीडबॅकमध्ये घेतली, तेव्हापासून चांगला क्लास डी हा कोरडा या शिक्क्यातून सुटला आहे. तो गोडही नाही, कडूही नाही. मागून आलेलं पुढे देतो. गोडवा हवा असेल तर तो दुसरीकडून आणावा लागेल.

खोलीचा वाटा

तो दुसरीकडून म्हणजे कुठून, याचं उत्तर हार्वर्डमध्ये मिळालं. १८९५ मध्ये वॉलेस सबाइन या तरुण प्राध्यापकाकडे, बोललेलं काही कळत नाही अशा एका व्याख्यानगृहाची दुरुस्ती आली. शेजारच्या थिएटरातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, एकेक वाढवत आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचं आणि पहाटेपूर्वी परत नेऊन ठेवायच्या, असं त्यांनी केलं. त्यातून निघालेलं सूत्र आजही चालतं: खोलीचं आकारमान घनमीटरमध्ये घ्या, ०.१६१ ने गुणा, आणि खोलीतल्या एकूण शोषणाने भागा.

आपली नेहमीची खोली घेऊ. बारा बाय दहा, उंची दहा फूट. आकारमान ३४ घनमीटर, सगळे पृष्ठभाग मिळून ६३ चौरस मीटर. जमिनीवर गुळगुळीत टाइल्स, भिंतींना प्लास्टर, खिडकीला सरकती काच. हे सगळं पडलेल्या आवाजातला जेमतेम पाच टक्के गिळतं, म्हणजे एकूण शोषण तीनच्या किंचित वर. भागाकार येतो १.७ सेकंद. टाळी वाजवली तर ती पावणेदोन सेकंद रेंगाळते, आणि गायकाचा प्रत्येक 'स' भिंतींवरून परत परत येऊन टोचतो. आता जाड सतरंजी घाला, दिवाणावर कापसाची गादी टाका, काचेवर जाड पडदा ओढा आणि एका भिंतीला पुस्तकांचं कपाट लावा. शोषण आठाने वाढलं, तर तीच खोली अर्ध्या सेकंदावर येते. हा फरक ऐकायला तयार कान लागत नाही. फोनवर बोलणारा पलीकडचा माणूसही विचारेल, की आज आवाज वेगळा का येतोय. कोणत्याही दोन चांगल्या ॲम्पमध्ये एवढा फरक नसतो.

खोलीनंतर स्पीकर, आणि स्पीकरची जागा. भिंतीजवळ सरकवला की खालचे सूर वाढतात, कोपऱ्यात आणखी. तोंड थेट कानाकडे न वळवता किंचित बाहेर ठेवलं तर वरचे सूर मवाळ होतात. या दोन्ही गोष्टींना पैसे पडत नाहीत.

वॉट किती लागतात

बसायच्या जागी सरासरी ७५ डेसिबल हा घरातला समाधानाचा आवाज. पण डग्ग्यावरची थाप किंवा गायकाची अचानक तार सप्तकातली झेप सरासरीच्या १५-२० डेसिबल वर जाते. ८६ डेसिबल संवेदनशीलतेचे (म्हणजे एका वॉटला एक मीटरवर एवढा आवाज देणारे) बुकशेल्फ स्पीकर अडीच मीटरवर, दोघांना एकेक वॉट दिला तर कानापाशी साधारण ८२-८३ डेसिबल मिळतात. ९५ ची उसळी गाठायला आणखी १२-१३ हवेत, आणि दर तीन डेसिबलला वॉट दुप्पट. म्हणजे १६ ते २० वॉट. त्यामुळे ३० ते ५० वॉटचा प्रामाणिक ॲम्प बहुतेक घरांना पुरून उरतो. आठ वॉटचा ३००बी मात्र या स्पीकरवर प्रत्येक थापेला चेपला जाणार. त्याला ९५ डेसिबलच्या पुढचे मोठे स्पीकर लागतात. व्हॉल्व्ह घेणाऱ्याने आधी स्पीकरचा हा आकडा विचारावा, व्हॉल्व्हचं नाव नंतर.

दुकानातली परीक्षा

एकदा एका दुकानात मला दोन ॲम्प लागोपाठ ऐकवले. दुसरा लगेच आवडला. नंतर लक्षात आलं, की बदलताना विक्रेत्याने आवाजाची चकती अर्धं घर पुढे नेली होती. कदाचित सहजच. पण एक डेसिबल मोठा आवाज कानाला मोठा वाटत नाही, भरदार वाटतो. हा आपल्या कानाचाच धर्म आहे. हळू आवाजात तो खालचे सूर कमी ऐकतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून ठेवलं आहे.

उपाय मल्टिमीटरचा. फोनवरून ४०० हर्ट्झचा सलग सूर लावा, स्पीकरच्या टर्मिनलवर एसी व्होल्टेज बघा. पहिल्या ॲम्पला २.०० व्होल्ट असेल तर दुसऱ्यालाही २.०० वर आणा, २.०२ चालेल. मग ओळखीचं एकच गाणं, कोणता ॲम्प चालू आहे ते न बघता ऐका. निम्मे मतभेद इथेच मिटतात.

जुना माल घेणाऱ्यांसाठी काही गोष्टी. मुंबईत लॅमिंग्टन रोड नि चोर बाजारात आणि पुण्यात तपकीर गल्लीच्या ओळखीतून चांगले जुने ॲम्प निघतात. पण आतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदलले आहेत का, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत. जपानहून आलेला सेट १०० व्होल्टचा असतो, त्याला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. आणि व्हॉल्व्हच्या ॲम्पमध्ये तीन-चारशे व्होल्ट खेळत असतात, बंद केल्यावरही काही काळ टिकतात. घरात लहान मूल असेल तर वर जाळी हवीच.

निवाडा

व्हॉल्व्हवाले सांगतात तो गोडवा खरा आहे, फक्त त्याचं कारण काच आणि तांबूस उजेड नाही. क्लास ए-चा गुण खरा आहे, पण आज चांगल्या साध्या ॲम्पपुढे त्याची आघाडी थोडी उरली आहे. "सगळे सारखे" हेही, आउटपुट इम्पिडन्स कमी असलेल्या आणि ताकद पुरून उरणाऱ्या ॲम्पपुरतं, बरंचसं खरं आहे.

म्हणून पहिल्यांदा सेट जमवणाऱ्याला माझं मत असं: ३० ते ५० वॉटचा, चार ओहमचा भार निभावणारा, बास-ट्रेबलच्या चकत्या असलेला ॲम्प घ्या. पीटर बॅक्सँडॉल यांनी १९५२ मध्ये दिलेलं टोन कंट्रोलचं सर्किट जगभर पसरलं ते उगाच नाही. ट्रेबल दोन डेसिबल खाली केल्याने कुणाची रसिकता कमी होत नाही. यामाहाच्या काही ॲम्पवर लाउडनेसची फिरती चकती मिळते, रात्री हळू ऐकणाऱ्याला ती फार कामाची. ज्याची खोली आणि स्पीकर आधीच जमून आले आहेत आणि ज्याला आता जवारीचाच नाद लागला आहे, त्याने खुशाल व्हॉल्व्ह घ्यावा. मात्र स्वतःच्या स्पीकरवर, स्वतःच्या घरी आठवडाभर ऐकून.

पण त्याआधी खोलीच्या मध्यभागी उभं राहून एक टाळी वाजवा. ती रेंगाळली, तर पहिली खरेदी सतरंजीची.